वारंवार मुरगळणारा घोटा आणि तोल साधण्याचे शिक्षण



वार्षिक अहवालात जमा-खर्चाच्या पत्रकांपूर्वी आरोग्यविषयक एक अभ्यासलेख देण्याचा आमचा प्रघात आहे. मधुमेह, क्षयरोग, मोतीबिंदू, सर्पदंश अशा विषयांवर आजवर आम्ही लिहिले. त्यांच्या शेजारी यंदाचा विषय काहीसा किरकोळ वाटण्याचा संभव आहे. मुरगळलेल्या घोट्याने कोणी दगावत नाही, त्यासाठी कोणास अतिदक्षता विभागात ठेवावे लागत नाही आणि त्याच्या उपचारासाठी लाखो रुपयांचे यंत्रही लागत नाही. तरीही हा विषय आम्ही जाणीवपूर्वक निवडला, कारण या बाबतीत आमच्याच कामातील एक उणीव आमच्या ध्यानात आली. आम्ही स्वतः वैद्य नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन रुग्णालयाच्या प्रशासनात आलो. त्यामुळे पुढील वैद्यकीय मजकूर अस्थिरोगतज्ज्ञ व भौतिकोपचार विभाग यांच्याकडून तपासून घेतला आहे. हिशेबाच्या भाषेतील शेरे मात्र सर्वस्वी आमचे आहेत.

अहवालाच्या तयारीसाठी बाह्यरुग्ण विभागातील जुने केसपेपर चाळत असताना वटार परिसरातील एका शाळकरी खो-खोपटू मुलीचे तीन कागद एकाखाली एक आले. उजवा घोटा मुरगळला, बाहेरच्या बाजूस सूज, एक्स-रे काढला, अस्थिभंग नाही, क्रेप बँडेज, वेदनाशामक गोळ्या, पंधरा दिवस विश्रांती. तिन्ही कागदांवरील मजकूर इतका सारखा होता की एकावरून दुसरा उतरवून घेतला असावा असे वाटावे. फरक एवढाच की तिसऱ्या कागदाच्या तळाशी एक ओळ अधिक होती : ‘खेळ थांबविणे उचित.’ आमच्या रोजकीर्दीत तीन एक्स-रेंची रक्कम जमा झाली होती. मुलीच्या खात्यात मात्र तीन वेळा वेदना, बुडालेला सराव आणि शेवटी खेळच बंद, एवढेच जमा होते. उपचारात कोणतीही चूक झाली नव्हती, हेही येथे नमूद केले पाहिजे. प्रत्येक वेळी जे केले ते योग्यच होते. परंतु ते अर्धेच होते.

तिच्या आईस आम्ही बोलावून घेतले. ती म्हणाली, “साहेब, तिचा पायच मुळात नाजूक आहे. चालता चालता सपाट रस्त्यावरही लचकतो. आता खेळ नकोच म्हणतात घरी.” आमच्या भौतिकोपचारतज्ज्ञ बाई शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “ताई, पाय नाजूक नाही. पायाला काही तरी विसरायला झालं आहे, ते परत शिकवावं लागेल.” या एका वाक्याचा अर्थ समजून घेण्यासाठी आम्ही जे वाचले व विचारले, त्याचे सार पुढे देत आहोत.

आमचा हा पट्टा खेळणारा आहे, हे वाचकांस सांगावयास नको. वटार, नाळा, निर्मळ, राजोडी, सत्पाळा, नंदाखाल, आगाशी या गावांत संध्याकाळी फेरफटका मारला तर कोठे व्हॉलीबॉलचे जाळे बांधलेले दिसते, कोठे फुटबॉल, कोठे कबड्डीचे आखलेले मैदान. वर्षअखेरीस वसईत तालुक्याचा कला-क्रीडा महोत्सव भरतो, तेव्हा शाळाशाळांतील मुले महिनाभर आधीपासून मैदानावर असतात. २०११ साली वसई-विरार महापौर मॅरेथॉन सुरू झाली आणि वयस्कर मंडळीही पहाटे धावू लागली. धावणे, उडी घेऊन उतरणे, एकाएकी दिशा बदलणे हे या सर्व खेळांचे मर्म होय. आणि घोटा मुरगळतो तो नेमका याच क्षणांत. त्यातही खो-खो आणि कबड्डी हे आपले खेळ घोट्याची विशेष परीक्षा पाहणारे आहेत. खो-खोत खांबाला वळसा घालताना सगळे शरीर एका पायावर तिरपे होते. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा एक पाय मागे धरलेला असतो आणि उरलेल्या पायावर तो मध्यरेषेकडे झेपावतो. राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय सामने आता मॅटवर होतात. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेली पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धाही मॅटवरच झाली. तीत भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी अजिंक्यपद मिळविले, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते, याचा आम्हांस अभिमान वाटतो. गावातील मुले मात्र मातीवरच शिकतात, आणि पावसाळ्यानंतरच्या मातीत खड्डे, खडे व सुकलेली ढेकळे असतात.

घोटा मुरगळतो म्हणजे काय होते?

नडगीचे हाड, तिच्या बाहेरील बाजूचे बारीक हाड आणि पावलातील घोट्याचे हाड यांचा मिळून हा सांधा होतो. हाडे एकमेकांशी बांधून ठेवणारे जे चिवट पट्टे असतात त्यांस अस्थिबंध म्हणतात. डॉक्टरांच्या तोंडी लिगामेंट हा शब्द आपण ऐकतो. घोट्याच्या बाहेरच्या अंगास असे तीन प्रमुख अस्थिबंध आहेत. तळपाय आतल्या बाजूस वळून शरीराचा भार पावलाच्या बाहेरच्या कडेवर आला की त्यांपैकी पुढचा बंध प्रथम ताणला जातो किंवा फाटतो. जोर अधिक असल्यास टाचेच्या हाडाकडे जाणाऱ्या बंधासही इजा होते. तिसरा, मागील बाजूचा बंध सहसा वाचतो.

सूज उतरली, दुखणे थांबले म्हणजे घोटा बरा झाला, अशी आपणां सर्वांची समजूत असते. आमचीही होती. तज्ज्ञ सांगतात की पहिल्यांदा घोटा मुरगळलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा त्रास तेथे संपत नाही. आयर्लंडमधील संशोधकांनी अशा रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा करून २०१६ साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात सुमारे ४० टक्के रुग्णांना वर्षानंतरही घोटा अस्थिर असल्याचा अनुभव येत होता. यालाच घोट्याची दीर्घकालीन अस्थिरता म्हणतात. ती कोणास म्हणावी याविषयी तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय मंडळाने २०१३ साली निकष ठरवून दिले. ते संशोधनासाठी असले तरी घरच्या माणसांनीही ध्यानात ठेवण्यासारखे आहेत : किमान एक वर्षापूर्वी घोट्यास मोठी दुखापत झालेली असणे, त्यानंतर घोटा पुन्हा मुरगळणे, अचानक ‘दगा देणे’ किंवा त्याचा भरवसा न वाटणे, आणि मागील सहा महिन्यांत असा दगा निदान दोनदा मिळालेला असणे. तुमच्या घरातील मुलगा किंवा मुलगी जिना उतरताना, बांधावरून चालताना पाय जपून टाकत असेल, ‘हा पाय माझा नाहीच’ असे म्हणत असेल, तर ते लाड नव्हेत.

अस्थिरतेचे दोन प्रकार मानले जातात. काहींचा अस्थिबंध खरोखरच सैल पडलेला असतो. डॉक्टर नडगी एका हाताने धरून टाच पुढे ओढून पाहतात तेव्हा तो सैलपणा त्यांच्या हातास जाणवतो. दुसऱ्या प्रकारात बंध पुरेसा घट्ट असतो, तरीही पाय दगा देतो. अनेकांत दोन्हींची सरमिसळ असते. हा दुसरा प्रकार आम्हांस प्रथम गूढच वाटला. दोरी घट्ट असताना गाठोडे सुटावे कसे?

त्याचा उलगडा करण्याचा महत्त्वाचा प्रयत्न १९६५ साली लंडनमध्ये झाला. मायकल फ्रीमन या शल्यविशारदाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले की अस्थिबंध ही केवळ दोरी नसून ती खबर देणारी तारही आहे. डोळे मिटून आपण बोट नाकाच्या शेंड्यास लावू शकतो, कारण हात कोठे आहे हे पाहिल्यावाचूनही मेंदूस कळत असते. या जाणिवेस स्थितिबोध म्हणता येईल. सांध्याभोवतीच्या बंधांत, स्नायूंत व त्वचेत असलेले सूक्ष्म संवेदक ही खबर क्षणोक्षणी पाठवितात. बंध फाटला की त्यातील संवेदकांसही इजा होते. पुढे बंध सांधतो, पण खबर पूर्वीसारखी येत नाही. फ्रीमन यांनी त्यावर सुचविलेला उपाय अगदी साधा होता. खाली गोलसर तळ असलेल्या, डुगडुगणाऱ्या फळीवर रुग्णास उभे करावयाचे आणि तोल सांभाळावयास लावावयाचे. आज जगभरच्या भौतिकोपचार विभागांत जी फळी दिसते तिचे मूळ या कामात आहे.

साठ वर्षांत या विचारात भर पडली आहे. केवळ संवेदक निकामी होतात एवढ्याने सगळे स्पष्ट होत नाही, असे आता मानले जाते. दुखऱ्या घोट्याला जपता जपता मेंदू सगळ्या पायाची चालच बदलून टाकतो. मांडी व कंबरेचे स्नायूही निराळ्या रीतीने वापरले जाऊ लागतात आणि मनातील भीती त्यात भर घालते. आणखी एक गोष्ट आम्हांस फार उद्बोधक वाटली. पाय मुरगळण्याची क्रिया इतकी झटपट घडते की धोक्याची खबर मेंदूकडे किंवा पाठीच्या कण्याकडे जाऊन स्नायू आवळेपर्यंत पाऊल वळून गेलेले असते. म्हणजे नडगीच्या बाहेरील बाजूचे, पाऊल बाहेर वळविणारे स्नायू पाय जमिनीस टेकण्यापूर्वीच सज्ज असावे लागतात. ही आधीची सज्जता म्हणजेच सवय, आणि सवय गोळीने लागत नाही.

शिक्षण कसे दिले जाते?

ताज्या दुखापतीत प्रथम अस्थिभंग नाही याची खात्री करावी लागते. त्यासाठी प्रत्येकाचा एक्स-रे काढणे आवश्यक नसते. कॅनडातील ओटावा येथे १९९२ साली तयार झालेले नियम आज सर्वत्र वापरले जातात. दुखापतीनंतर लगेच आणि रुग्णालयात आल्यावरही चार पावले टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड वा टोक, करंगळीच्या रेषेतील पावलाच्या हाडाचे मूळ अथवा पावलाच्या आतील कमानीवरचे हाड दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढावा. एरवी बहुधा गरज नसते. हे वाक्य प्रशासकाने लिहावे याचे आमच्या क्ष-किरण विभागास नवल वाटले; पण अनावश्यक तपासणीतून आलेली रक्कम ही धर्मादाय संस्थेची कमाई म्हणवत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत थंड शेक, पट्टीचा दाब व पाय उंच ठेवणे हिताचे. आंबेहळदीचा लेप लावण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, त्यास आमच्या डॉक्टरांची हरकत नाही. परंतु सुजलेल्या घोट्यास तेल लावून जोराने रगडणे किंवा ‘बसविण्यासाठी’ हिसका देणे टाळावे. तसेच महिनाभर पाय हलवूच न देण्याची जी जुनी पद्धत होती तीही आता मागे पडली आहे. दुखणे सोसेल तितके लवकर चालणे सुरू करणे बरे.

खरे शिक्षण त्यानंतर सुरू होते. आमच्या विभागात पहिल्या दिवशी जमिनीवर एका बिंदूपासून तीन दिशांना टेप चिकटविली जाते : एक सरळ पुढे, दोन मागे तिरप्या. खेळाडूने एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाचा अंगठा त्या रेषेवर जितका लांब नेता येईल तितका न्यावयाचा आणि तोल न जाता परत आणावयाचा. दोन्ही पायांचे आकडे लिहून ठेवतात. अमेरिकेत शालेय बास्केटबॉल खेळाडूंवर झालेल्या २००६ सालच्या एका अभ्यासात, पुढच्या दिशेत दोन पायांमध्ये ४ सेंटिमीटरहून अधिक फरक असलेल्यांस पायाची दुखापत होण्याची शक्यता सुमारे अडीच पट आढळली होती. एक टेप आणि एक वही एवढ्यावर ही तपासणी होते, हे देणगीदारांच्या विशेष लक्षात आणून द्यावेसे वाटते.

पुढील क्रम साधारणपणे असा असतो. आरंभी कठीण जमिनीवर, भिंतीजवळ, अनवाणी एका पायावर उभे राहणे. अर्धा मिनिट न डगमगता उभे राहता आले की हात छातीवर घेऊन, नंतर मान डावीकडे-उजवीकडे वळवीत, मग डोळे मिटून. डोळे मिटताच चांगले चांगले खेळाडू लटपटतात आणि हसू लागतात. आजवर तोल घोट्याने नव्हे तर डोळ्यांनी सांभाळला जात होता, हे तेव्हा त्यांना कळते. ते जमले की तेच सर्व मऊ गादीवर, नंतर डुगडुगत्या फळीवर. त्यानंतर फळीवर उभे असताना चेंडू झेलणे. कारण मैदानावर कोणी घोट्याकडे लक्ष देऊन खेळत नाही, लक्ष प्रतिस्पर्ध्याकडे असते. शेवटच्या टप्प्यात उड्या येतात : पुढे, बाजूला, तिरपी एक उडी एका पायावर घ्यावयाची, गुडघा किंचित वाकवून आवाज न करता उतरावयाचे आणि तेथेच काही क्षण स्तब्ध राहावयाचे. उडीपेक्षा हे स्तब्ध राहणेच महत्त्वाचे, असे आमच्या बाई पुन्हापुन्हा बजावतात. गुडघा आत कोसळला, दुसरा पाय टेकला किंवा हात भिंतीकडे गेला तर ती उडी मोजली जात नाही. तोलाच्या जोडीला रबरी पट्ट्याने पाऊल बाहेर ढकलण्याचा, टाचा उचलण्याचा व पोटऱ्या सैल करण्याचा व्यायाम असतो. कारण पोटरी आखडलेली असेल तर घोटा पुढे पुरेसा वाकत नाही आणि पाय चुकीचा पडतो.

हे सारे आठवड्यातून तीन ते पाच वेळा, दर वेळी पंधरा-वीस मिनिटे, असे सहा ते आठ आठवडे करावयाचे असते. येथेच गाडी अडते. तिसऱ्या आठवड्यात घोटा दुखेनासा होतो आणि मुले येणे बंद करतात. एक कबड्डीपटू तरुण अशा रीतीने दोनदा सोडून गेला आणि दोनदा परत आला. त्याची नोकरी मुंबईत, लोकलची गर्दी, घरी पोहोचेपर्यंत रात्र. त्यास दोष कसा द्यावा? आमची वेळ सकाळी दहा ते एक होती, आणि त्या वेळेत कोणताही कमावता किंवा शिकणारा खेळाडू मोकळा नसतो, हे आमच्या ध्यानात येण्यास फार उशीर झाला.

या बाबतीत नेदरलँड्समधील एका अभ्यासाने आम्हांस धीर दिला. तेथे घोटा मुरगळून नेहमीचे उपचार झालेल्या ५२२ खेळाडूंपैकी निम्म्यांना आठ आठवड्यांचा तोलाचा व्यायाम घरच्या घरी, कोणाच्या देखरेखीवाचून करावयास सांगितला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पुढील वर्षभरात व्यायाम करणाऱ्या गटातील २२ टक्के खेळाडूंचा घोटा पुन्हा मुरगळला, तर दुसऱ्या गटातील ३३ टक्क्यांचा. शंभरांमागे अकरा जण वाचले, हा आकडा काहींस लहान वाटेल. परंतु त्यासाठी झालेला खर्च पाहता कोणत्याही हिशेबनिसास हा व्यवहार फायद्याचाच वाटेल.

घरी करावयाचे म्हटले तर आपल्याकडे साधनांची वाण नाही. फळी कोणताही सुतार करून देतो : हात-दीड हात लांबीरुंदीची जाड फळी आणि तिच्याखाली मधोमध अर्धगोल लाकूड. मऊ गादीऐवजी दोन-तीन घड्यांची गोधडी चालते. राजोडी-कळंबच्या किनाऱ्यावरील ओली वाळू तर निसर्गाने दिलेली व्यायामशाळाच आहे. मात्र ती शेवटच्या टप्प्यासाठी ठेवावी. दात घासताना एका पायावर उभे राहण्याचा सल्ला आमच्या बाई सर्रास देतात. फक्त न्हाणीघरातील ओल्या लादीवर नव्हे, हे आम्ही येथे अधोरेखित करतो.

आणि लंगडी! एका पायावर उड्या घेत गडी बाद करण्याचा हा खेळ आपल्या आजीनेही खेळलेला आहे. खो-खोचे जाणते मार्गदर्शक लहान मुलांना आधी लंगडी शिकवितात, त्यामागे केवळ दमसास वाढविण्याचा हेतू नसावा. एका पायावर उतरणे, दिशा बदलणे, पुन्हा उडी घेणे आणि या सर्वांत नजर पळणाऱ्यावर ठेवणे, हे जवळजवळ तेच आहे जे आमच्या विभागात शेवटच्या टप्प्यात करवून घेतले जाते. ठिकऱ्यांच्या खेळातही चौकोनात एका पायावर स्थिर राहून वाकून ठिकरी उचलावी लागते. या खेळांनी घोटा बरा होतो असा दावा आम्ही करीत नाही. दुखावलेल्या घोट्याने थेट लंगडी खेळू नये, हेही तितकेच खरे. परंतु शाळांच्या पटांगणातून हे दोन खेळ नाहीसे होत आहेत याची खंत आम्हांस आता निराळ्याच कारणाने वाटते.

या शिक्षणाच्या मर्यादाही सांगणे आमचे कर्तव्य आहे. डच व्हॉलीबॉल खेळाडूंवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फळीवरच्या सरावाचा लाभ मुख्यतः पूर्वी घोटा मुरगळलेल्यांनाच झाला. शिवाय ज्यांना आधीपासून गुडघ्याचा त्रास होता त्यांच्यात तो बळावल्याचे दिसले. म्हणून गुडघेदुखी असलेल्यांनी तज्ज्ञांस विचारूनच फळीवर चढावे. दुसरी गोष्ट घोट्याच्या आधारपट्ट्याची, ज्यास ब्रेस म्हणतात. नेदरलँड्समध्येच २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत वर्षभरात घोटा पुन्हा मुरगळण्याचे प्रमाण केवळ व्यायाम करणाऱ्यांत २७ टक्के, खेळताना वर्षभर केवळ ब्रेस वापरणाऱ्यांत १५ टक्के आणि दोन्ही करणाऱ्यांत १९ टक्के होते. म्हणजे ब्रेसची सवय लागते, त्याने पाय दुबळा होतो, असे म्हणून तो झिडकारू नये. आमचे तज्ज्ञ आता सामन्यांसाठी ब्रेस आणि पायास पुन्हा शहाणे करण्यासाठी व्यायाम, अशी दोन्हींची सांगड घालतात. आम्हीही लेखाच्या पहिल्या मसुद्यात ब्रेसविरुद्ध चार वाक्ये लिहिली होती, ती खोडली.

काही महिने नेटाने व्यायाम करूनही बंध सैलच राहिला आणि पाय दगा देतच राहिला तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. स्वीडनचे शल्यविशारद ब्रोस्ट्रॉम यांनी १९६६ साली वर्णिलेली, फाटलेला बंध तेथेच शिवून घेण्याची पद्धत काही सुधारणांसह आजही प्रमाण मानली जाते. तिच्यानंतरही रुग्णास त्याच फळीवर उभे राहावे लागते. अस्थिरतेकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष केल्यास सांध्यातील कूर्चा झिजून पुढे संधिवात जडण्याचा धोका असतो. ‘खेळ सोडला, प्रश्न मिटला’ असे मानणाऱ्या पालकांनी याचाही विचार करावा. कारण वाडीत पाणी लावताना, विहिरीच्या पायऱ्या उतरताना घोटा तोच असतो.

आता त्या खो-खोपटू मुलीविषयी. पहिल्या दिवशी तिच्या दोन पायांतील फरक भौतिकोपचाराच्या वहीत लाल शाईने लिहिला गेला. ती नऊ आठवडे आली. त्यांतील दोन आठवडे परीक्षेमुळे बुडाले, तेव्हा तिने घरी गोधडीवर सराव केला आणि आईने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खुणा केल्या. त्या वर्षीच्या जिल्हा निवड चाचणीस ती मुकली. ते नुकसान आम्हांस भरून देता आले नाही. पुढील हंगामात ती ब्रेस बांधून मैदानावर उतरली. घोटा पुन्हा कधीच मुरगळणार नाही, अशी हमी तिला कोणीही दिलेली नाही. तिच्या वर्गशिक्षकांनी मात्र आम्हांस एक निरोप पाठविला : सराव सुरू होण्यापूर्वी आता मुले पटांगणातील खडे वेचतात आणि पाच मिनिटे एका पायावर उभी राहतात.

या अनुभवानंतर आम्ही दोन बदल केले. घोटा मुरगळून येणाऱ्या प्रत्येक खेळाडूच्या केसपेपरवर भौतिकोपचार विभागाचा शिक्का बाह्यरुग्ण विभागातच मारला जातो, आणि सहा आठवड्यांनी दूरध्वनी करण्याची जबाबदारी स्वागतकक्षाकडे दिली आहे. भौतिकोपचाराचे एक सत्र संध्याकाळी उशिरा ठेवले आहे, ज्यामुळे शाळा सुटलेली मुले व लोकलने परतणारे तरुण येऊ शकतील.

देणगीदारांपुढे आमची अडचण मोकळेपणाने मांडतो. फळ्या, गाद्या, रबरी पट्टे आणि टेप यांचा एकत्रित खर्च नगण्य आहे आणि तो आम्ही चालू निधीतून भागविला. खर्च आहे तो संध्याकाळी थांबणाऱ्या भौतिकोपचारतज्ज्ञाच्या मानधनाचा. यंत्रासाठी देणगी सहज मिळते, त्यावर दात्याचे नाव कोरता येते. मानधनावर नाव कोरता येत नाही, आणि ते दरमहा द्यावे लागते. विश्वस्तांनी यासाठी स्वतंत्र शीर्षाखाली निधी उभारण्यास अनुमती द्यावी, अशी विनंती आम्ही येत्या वार्षिक सभेपुढे ठेवीत आहोत. त्याचा तपशील पुढील अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीने दाखविला आहे.

संध्याकाळच्या सत्रास येणाऱ्या खेळाडूंनी पूर्वीचे केसपेपर, असल्यास एक्स-रे, आणि ज्या बुटांनी खेळतात ते बूट सोबत आणावेत. अनवाणी खेळणाऱ्यांनी तसेच यावे. अठरा वर्षांखालील मुलांसोबत पहिल्या दिवशी घरातील एक मोठे माणूस असावे; घरी सराव करून घेण्याची रीत त्या व्यक्तीसच शिकविली जाते.